ज्वारीचा कडबा चालतो, मग कोवळा फुटवा गाय का मारतो?

बांधावरचा
शेती विभागात टाकावं की विज्ञान विभागात हे कळेना, म्हणून इथंच टाकतोय. संपादकांना वाटलं तर हलवा.

आमच्याकडं माढा भागात यंदा सुरुवातीला पाऊस बरा झाला आणि मग दडी मारली. ज्यांनी चाऱ्यासाठी कडवळ पेरलं होतं त्यांचं गुडघ्याएवढं होऊन थांबलं, दुपारी पानं सुरळी करून उभी. शेजारच्या वस्तीवरच्या दोन गाई दावं तोडून त्यात शिरल्या. पोटभर खाल्लं असंही नाही. एक तिथंच बांधाला आडवी झाली, तोंडाला फेस, पाय झाडले आणि संपली. दुसरीपर्यंत डॉक्टर वेळेत पोचले म्हणून ती वाचली. गावात सगळ्यांचं एकच निदान, किराळ लागून गेली.

आता हे लहानपणापासून ऐकतोय, पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत. याच ज्वारीचा कडबा आपण वर्षभर घालतो, तेव्हा काही होत नाही. मग कोवळ्यातच विष कुठून येतं? दुसरं म्हणजे, पानात एवढं जालीम विष असेल तर ज्वारी स्वतः कशी जगते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता पाऊस आलाय. वाळत आलेल्या धाटांना बुडातून फुटवा फुटलाय. हे कापायचं कधी? वैरणीची टंचाई आहे, त्यामुळं 'टाकून द्या' हे उत्तर नको.

मालदांडी_३५
पोटरीत आल्याबिगर (म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आवरणात फुगल्याबिगर) विळा लावायचा नाही, असं आमचे तात्या सांगायचे. का, म्हणून विचारलं की 'मग जनावर मरतंय' एवढंच. त्यापुढचं विचारायची सोय नव्हती.

पुणेरी_पगडी
म्हणजे मी डाएटच्या नावाखाली रोज दोन वेळा जी भाकरी खातो ती सायनाइडच्या झाडाची? बायकोला विचारायला हवं, तिला हे आधीपासून माहीत होतं का.

(हलकं घ्या.)

कोपनहेगनची_थंडी
बांधावरचा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरात पहिलाही येतो. मी वनस्पती-जीवरसायनात काम करते आणि ज्या शहरात राहते तिथल्या विद्यापीठात बिर्गर लिंडबर्ग म्योलर यांच्या गटानं ज्वारीच्या याच विषावर कित्येक वर्षं काम केलंय.

उभ्या, न दुखावलेल्या ज्वारीच्या पानात मोकळं सायनाइड जवळपास नसतंच. असतं ते धुरिन. धुरिन म्हणजे सायनाइडचा रेणू साखरेला बांधून ठेवलेला. असा बांधलेला असताना तो ज्वारीला काही करत नाही. हे धुरिन पानाच्या वरच्या कातडीच्या पेशींमध्ये, त्यांच्या आतल्या पाणथैलीत साठवलेलं असतं. ते फोडणारं एन्झाइम, धुरिनेझ, असतं आतल्या हिरव्या पेशींच्या हरितलवकात. दोघं शेजारी राहतात पण भेटत नाहीत. ही वाटणी १९७९ मध्ये पानाचे थर सुटे करून दाखवली गेली.

गाय पान चावते तेव्हा दोन्ही पेशी एकदम चिरडतात. धुरिनेझ साखर तोडतं. उरलेला रेणू आपणहूनही मोडतो, पण त्याच आतल्या पेशींमध्ये आणखी एक एन्झाइम असतं, हायड्रॉक्सीनायट्राइल लायेझ, ते हे काम झटक्यात उरकतं. बाहेर पडतो हायड्रोजन सायनाइड. म्हणजे विष तयार होतं ते गाईच्या तोंडात आणि पोटात.

आता पहिला प्रश्न. धुरिन बनवण्याचं काम सगळ्यात जोरात चालतं ते कोंबात. अंधारात उगवलेल्या तीन दिवसांच्या कोंबाच्या टोकाला कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत धुरिन मोजलं गेलंय. पुढं झाड वाढतं, नवीन धुरिन बनणं मंदावतं, ताट आणि पानांचं वजन वाढत जातं, त्यामुळं दर किलोमागचं प्रमाण घसरतं. पक्व दाण्यात ते नसल्यात जमा. पुणेरी_पगडी, तुमच्या भाकरीला धोका नाही, बायकोला सोडा.

जुगाडू
कळलं! एम-सील. दोन कांड्या वेगवेगळ्या कागदात, मळल्या की काम सुरू.

कोपनहेगनची_थंडी
@जुगाडू, अगदी. हे मी आता विद्यार्थ्यांना सांगणार, श्रेय न देता.

गुरांचा_डॉक्टर
वरचं सगळं बरोबर आहे, त्यात गोठ्यातली बाजू घालतो.

सायनाइड पेशीतल्या ज्या एन्झाइमला धरतं ते म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ. ते अडलं की पेशीला रक्तातला ऑक्सिजन वापरता येत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि जनावर गुदमरतंय, अशी अवस्था. म्हणून सुरुवातीला रक्त आणि डोळ्याची-तोंडाची आतली त्वचा लालभडक दिसते. तोंड उघडून धापा, लाळ, लटपटणं, पडणं, झटके. प्रमाण जास्त असेल तर फोन करेपर्यंत संपतं.

रवंथ करणाऱ्यांना धोका जास्त. घोडा-डुक्कर यांच्या पोटातल्या आम्लात झाडाचं एन्झाइम बऱ्यापैकी निकामी होतं. गाई-म्हशीच्या रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आम्लता कमी असते, पाणी आणि ऊब भरपूर, शिवाय तिथल्या जिवाणूंकडे स्वतःची साखर तोडणारी एन्झाइमं असतात. म्हणजे झाडाचं एन्झाइम मेलं तरी काम अडत नाही.

उपचार म्हणजे शिरेतून सोडियम नायट्राइट आणि पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट. थायोसल्फेटमधलं गंधक वापरून यकृतातलं रोडनेझ नावाचं एन्झाइम सायनाइडचं थायोसायनेट करतं, ते लघवीवाटे जातं. हे एन्झाइम जनावराकडे मुळातच असतं, म्हणून थोडं थोडं, सावकाश खाल्लेलं पचून जातं. उपाशी जनावर भसाभस खातं तेव्हा रोडनेझ पुरं पडत नाही.

एक विनंती. झटके येत असताना बाटलीनं गुळाचं पाणी, ताक, तेल काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जातं आणि जे वाचलं असतं तेही जातं.

दूधवाला_भाऊ
डॉक्टरसाहेब, आमच्याकडं हायपो ठेवतात काही जण घरात. फोटोवाल्यांकडं मिळायचा तो.

गुरांचा_डॉक्टर
हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटच. तोंडावाटे देतात, रुमेनमधलं सायनाइड निष्प्रभ करायला, पण जनावर गिळण्याच्या स्थितीत असेल तरच आणि डॉक्टरांनी फोनवर का होईना सांगितल्यावर. नायट्राइट मात्र कुणीही स्वतः देऊ नये. पावसाच्या ताणातल्या चाऱ्यात नायट्रेटही साठलेलं असू शकतं. नायट्रेटच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं. तिथं नायट्राइट टोचलं तर आगीत तेल. दोन्ही बाधा एकाच शेतात, एकाच आठवड्यात पाहिल्यात.

निसर्गाकडे_चला
सगळं वाचलं. मुद्द्याचं कुणीच बोलत नाही. हे सगळं संकरित बियाणं आणि युरियामुळं. आपल्या आजोबांच्या काळातल्या देशी ज्वारीत असलं काही नव्हतं.

मालदांडी_३५
@निसर्गाकडे_चला, वर तात्यांचं सांगितलं ते वाचलं का? तात्यांनी युरियाची गोणी बघितली ती म्हातारपणी. आणि आमच्या घरात मालदांडीशिवाय दुसरी ज्वारी पेरलीच नाही.

कोपनहेगनची_थंडी
धुरिन पहिल्यांदा वेगळं काढून त्याची ओळख पटवली ती डन्स्टन आणि हेन्री यांनी, १९०२ मध्ये. त्या वेळी कारखान्यात बनवलेला युरिया कुठल्याच शेतकऱ्याच्या हातात नव्हता.

पण निसर्गाकडे_चला यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग टाकून देऊ नका. धुरिन बनतं टायरोसीन या अमिनो आम्लापासून, म्हणजे त्याला नत्र लागतं. नत्राचा मोठा हप्ता दिला की धुरिन वाढतं, हे वारंवार मोजलेलं आहे. पाण्याचा ताण पडला तरी वाढतं. ताण आणि वर नत्र, हे सगळ्यात वाईट. फक्त झाडाला नत्र गोणीतून आलं की उकिरड्यातून, यानं फरक पडत नाही. वाणावाणात प्रमाणाचा फरक मात्र असतो. सुदान गवतात सहसा कमी, चाऱ्याच्या संकरात मधलं.

निसर्गाकडे_चला
अर्धा का होईना, मान्य केलंत, आनंद आहे. शेणखतानं माती सावकाश देते, युरियासारखा एकदम डोस बसत नाही, हा माझा मुद्दा कायम.

बांधावरचा
हे पटतंय. त्या शेतात पाऊस जायच्या आधी युरिया फेकला होता, हे मला काल कळलं.

सोमरस
जाता जाता, 'टायरोसीनपासून बनतं' म्हणजे नेमकं कसं? टंकाळा (टंकायचा आळस) नसेल तर सांगा.

कोपनहेगनची_थंडी
टंकाळा आहे, पण हा माझा आवडता भाग.

फक्त तीन एन्झाइमं. पहिलं सीवायपी७९ए१, ते टायरोसीनचं ऑक्झाइम करतं. दुसरं सीवायपी७१ई१, ते त्या ऑक्झाइमपासून सायनाइडचा गट असलेला रेणू बनवतं. तिसरं यूजीटी८५बी१, ते त्यावर साखर चढवून तोंड बंद करतं. (नावं मी ठेवलेली नाहीत.) मधले दोन्ही पदार्थ स्वतः झाडालाच त्रासदायक. ते पेशीत मोकळे फिरू नयेत म्हणून ही तिन्ही एन्झाइमं पेशीतल्या एका पडद्यावर एकमेकांना चिकटून बसतात आणि माल हातोहात पुढं देतात. ज्वारीतली ही जुळणी २०१६ मध्ये पडद्यासकट बाहेर काढून दाखवली गेली.

आणि ही संरक्षणासाठीच आहे याचा पुरावा: २००१ मध्ये या तीन एन्झाइमांची जनुकं अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात घातली. त्या झाडात ज्वारीचं धुरिन बनू लागलं आणि त्याच्यावर जगणारे पिसू भुंगेरे ती पानं टाळायला लागले.

खोडमाशीग्रस्त
भुंगेऱ्याचं ठीक आहे हो. आमच्या ज्वारीला उगवून आठ-पंधरा दिवस होत नाहीत तोच खोडमाशी पोंगा खाऊन टाकते, मधलं पान ओढलं की अलगद हातात येतं आणि बुडाशी कुजका वास. तुम्ही म्हणता त्याच वयात विष सगळ्यात जास्त. मग ही अळी मरत का नाही? सायनाइड फक्त आमच्या गाईलाच का?

मका_सम्राट
+१. आणि मक्याचंही सांगा. २०१८ पासून लष्करी अळीनं जीव खाल्लाय. तीसुद्धा बरोब्बर पोंग्यातच बसते.

कोपनहेगनची_थंडी
खोडमाशीग्रस्त, ही तर जुनी मारामारी. झाड एन्झाइम काढतं, कीड त्यावर आपलं एन्झाइम काढते. एकाच पिकावर जगणाऱ्या किडीवर पिढ्यानुपिढ्या त्या विषाचाच दबाव असतो. जी तग धरते तिचीच वीण पुढं चालते. कित्येक किडींकडे सायनाइड पकडून त्याचं निरुपद्रवी अमिनो आम्ल करणारं एन्झाइम असतं. विशेष म्हणजे त्याच धाटणीचं एन्झाइम झाडाकडेही असतं, स्वतःसाठी. गाय मात्र सतरा प्रकारचं गवत खाणारी, ती एकट्या ज्वारीशी लढायला तयार झालेलीच नाही.

मक्याची गोष्ट तर याहून रंगतदार आहे. मक्यात धुरिनची व्यवस्था प्रमुख नाही. तिथं आहे डिंबोआ नावाचं दुसरं विष. गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांच्यातही त्याच कुळातले पदार्थ असतात. राय धान्याच्या रोपांत बुरशीला अडवणारा या कुळातला पदार्थ फिनलंडच्या विर्तानेन यांच्या प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात शोधला. या विर्तानेनना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल होतं, तेही चाऱ्याच्या मुरघासावरच्या (हिरवा चारा हवाबंद मुरवून टिकवण्याच्या) कामासाठी धरून! मक्यात डिंबोआ बनवणारी पहिली पाच जनुकं, बीएक्स१ ते बीएक्स५, १९९७ मध्ये उलगडली. पहिलं एन्झाइम इंडोल बनवतं, पुढची चार त्यावर एकेक करून ऑक्सिजन बसवतात. शेवटी पुन्हा साखर चढवून थैलीत बंद, आणि साखर तोडणारं एन्झाइम दुसरीकडे. एम-सीलच.

मका_सम्राट
मग अळी?

कोपनहेगनची_थंडी
अळी पान खाते, मक्याचं एन्झाइम साखर तोडतं, डिंबोआ मोकळं होतं. लष्करी अळीच्या आतड्यात तिचं स्वतःचं एन्झाइम आहे, ते डिंबोआला परत साखर लावतं. पण लावताना बाजू उलटी. मक्याच्या एन्झाइमला ही उलटी जोडणी ओळखता येत नाही, त्यामुळं ते पुन्हा तोडू शकत नाही. अळी तो बंद रेणू विष्ठेतून टाकून देते आणि जेवण चालू. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे अळी भारतात यायच्या चार वर्षं आधी.

खोडमाशीग्रस्त
च्यायला. अळीला दाद द्यावीशी वाटतेय, आणि तेच खटकतंय.

सोमरस
बार्लीचं काय? विषय महत्त्वाचा आहे.

पुणेरी_पगडी
आले.

कोपनहेगनची_थंडी
हसू नका, बार्लीचं प्रकरण खरंच आहे. बार्लीच्या कोंबात एपिहेटेरोडेन्ड्रिन नावाचा धुरिनचा चुलतभाऊ असतो. पण ते फोडणारं एन्झाइम बार्लीच्या पानात नाही. म्हणजे बंदूक आहे, घोडा नाही. माल्ट करताना कोंब फुटतात, मग आंबवताना यीस्टचं एन्झाइम ते काम करतं, आणि गाळताना त्यापासून इथाइल कार्बमेट हा नको असलेला पदार्थ बनू शकतो. म्हणून स्कॉच व्हिस्कीवाल्यांसाठी एपिहेटेरोडेन्ड्रिनच न बनवणारे बार्लीचे वाण काढलेत.

सोमरस
संशोधकांना माझा साष्टांग नमस्कार.

हेल्दी_किचन
मला जरा घाबरल्यासारखं झालंय. मी मोड आलेल्या ज्वारीचं सॅलड करते, मूग-मटकीसारखंच. कोंब चांगले बोटभर येऊ देते. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. तीन दिवसांच्या कोंबात ३० टक्के वगैरे वाचलं आणि हात थांबला. हे खाऊ नये का?

कोपनहेगनची_थंडी
नका खाऊ. हे मी या धाग्यावरचं सगळ्यात गंभीरपणे लिहितेय. बोटभर ज्वारीचा कोंब कच्चा चावून खाणं म्हणजे वर गाईचं सांगितलं तेच. लहान मुलांना तर अजिबात देऊ नका. मूग-मटकीत हा प्रकार नाही, नाचणीचं सत्त्व मोड आणून करतात त्यालाही ज्वारीचा हा नियम लागू नाही.

आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून पारंपरिक बिअर आणि पेज करतात, पण तिथं मोड आलेले दाणे वाळवतात, कोंब-मुळं चोळून काढून टाकतात, दळतात आणि मग शिजवतात. हायड्रोजन सायनाइड २६ अंशांलाच उकळतं, त्यामुळं उघड्या भांड्यात शिजवताना उडून जातं. कच्च्या सॅलडमध्ये यातलं काहीच होत नाही.

हेल्दी_किचन
बाप रे. कुंडीत टाकते. धन्यवाद, ताई.

खानदेशी_तडका
आमच्या बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) काय मग? ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतो आम्ही. आई आता वाळवणाला बसलीय आणि मला हा धागा दिसला.

मालदांडी_३५
भिजत घालता तेव्हा कोंब येऊ देता का?

खानदेशी_तडका
छे! रोज पाणी बदलतो, मग निथळून कांडून-दळून, चाळून, पातेल्यात रटरट शिजवून थापायच्या. पळीला घट्ट बुडबुडे येईस्तोवर ढवळायचं, हात भरून येतो. कोंब आला तर आई शिव्याच घालेल, चव जाते म्हणते.

कोपनहेगनची_थंडी
मग निवांत खा. आणि मला दोन पाठवा, इथं तिखट म्हणून जे विकतात ते बघवत नाही.

हुरडा_प्रेमी
हुरड्याचं आधी सांगा! दाणा तर कोवळाच असतो.

कोपनहेगनची_थंडी
दाणा भरत असताना त्यात थोडं धुरिन येतं आणि पिकताना झाडच ते मोडून वापरतं. आगटीत भाजताना एन्झाइम मोडून जातं. पिढ्यानपिढ्या हुरडा खातोय आपण, खा. कणसाखालची हिरवी धाटं चघळायची सवय असेल तर ती सोडा.

दूधवाला_भाऊ
वाळवण्यावरून आठवलं. आम्ही कडवळ कापून दिवसभर उन्हात टाकतो, मग कुट्टी करून घालतो. आजवर काही झालं नाही. म्हणजे ऊन दाखवलं की विष जातं, हे नक्की ना?

कोपनहेगनची_थंडी
कमी होतं. पान सुकताना पेशी फुटतात, धुरिन आणि एन्झाइम आतल्या आत भेटतात आणि गॅस हवेत जातो. पण कडक उन्हात झपाट्यानं वाळलं तर थोडं धुरिन न फुटताच राहू शकतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेले रुमेनमधले जिवाणू ते नंतर फोडतात. त्यामुळं पोटरीत आलेल्या कडवळाला ऊन दाखवणं उत्तम, गुडघ्याखालच्या ताणातल्या फुटव्याला त्याच भरवशावर घालणं नको.

गुरांचा_डॉक्टर
माझंही मत तेच, फक्त थोडं कडक. अतिकोवळा फुटवा वाळवूनही एकट्यानं घालू नका. मुरघास हा जास्त बरा मार्ग. कुट्टी करताना आणि मुरताना बरंचसं मोकळं होऊन जातं. खड्डा किंवा पिशवी उघडल्यावर थोडा वेळ हवा लागू द्या, तोंड घालून वास घेऊ नका.

दूधवाला_भाऊ
मला अजून पटत नाही, पण मुरघासाचं करून बघतो.

टारफुला_त्रस्त
अवांतर: एवढी एन्झाइमं असताना आमच्या ज्वारीच्या मुळावर टारफुला (मुळातून रस शोषणारं परजीवी तण) कसा बसतो? गुलाबी-पांढरी फुलं दिसतात तोवर ज्वारी पिवळी पडलेली असते.

कोपनहेगनची_थंडी
टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून पाझरणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोन या रसायनाचा सुगावा लागला की उगवतं. इथं गंमत उलटी आहे. एलजीएस१ नावाचं जनुक एक एन्झाइम बनवतं. काही वाणांत ते निकामी असतं, आणि त्यामुळं मुळातून वेगळ्याच प्रकारचं स्ट्रायगोलॅक्टोन पाझरतं. त्याला टारफुल्याचं बी फारसा प्रतिसाद देत नाही. एन्झाइम गमावल्यानं संरक्षण मिळालं! इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला तोंड देणारे ज्वारीचे वाण तयार केले, त्यांना २००९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आणि मुळांचं निघालंच आहे तर, कोवळ्या ज्वारीचं मूळ ओल्या टिपकागदावर वाढवून भिंगाखाली बघा. मुळावरच्या बारीक केसांच्या टोकाला पिवळट सोनेरी थेंब दिसतात. ते सॉर्गोलिऑन. शेजारच्या तणाची वाढ खुंटवतं. ज्वारीच्या रानात बारीक तण कमी असतं म्हणतात, त्यात याचाही वाटा आहे.

मालदांडी_३५
आमच्याकडं ज्वारीच्या मागं लगेच गहू धरला तर सुरुवातीला रुसतो, असं म्हणतात. हेच का ते?

कोपनहेगनची_थंडी
एक कारण हे असू शकतं. पण ज्वारी जमिनीतलं नत्र आणि ओलही ओढून घेते, धसकटं कुजतानाही नत्र अडकतं. सगळं सॉर्गोलिऑनच्या नावावर टाकू नका.

मका_सम्राट
एवढं सगळं कळलंय तर धुरिनच नसलेली ज्वारी का काढत नाहीत? एक जनुक बंद केलं की झालं.

कोपनहेगनची_थंडी
काढली आहे. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या गटानं क्वीन्सलंडच्या लोकांबरोबर २०१२ मध्ये जाहीर केली. बियांवर रसायनाची प्रक्रिया करून हजारो रोपांतून शोधलेलं उत्परिवर्तन, बाहेरचं जनुक न घालता. सीवायपी७९ए१ मधलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि अख्खी साखळी पहिल्याच पायरीवर थांबली. झाड बाकी नेहमीसारखं, फक्त रोप असताना जरा सावकाश वाढतं.

खोडमाशीग्रस्त
आणि मग ज्या किडी आज ज्वारीच्या वाटेला जात नाहीत त्या सगळ्या आमच्या रानात जेवायला. नको रे बाबा.

गुरांचा_डॉक्टर
चाऱ्याच्या पिकाला मी मात्र हो म्हणेन. दरवर्षी ताण पडल्यावर मला येणारे फोन तुम्हाला ऐकू येत नाहीत.

कोपनहेगनची_थंडी
माझं मत डॉक्टरांच्या बाजूनं झुकतं, पण फक्त चाऱ्यापुरतं. धुरिन हा झाडाचा नत्राचा साठाही आहे. सायनाइड बाहेर न सोडता ते मोडून नत्र परत वापरायचा वेगळा रस्ता ज्वारीकडे आहे. कोरडवाहू रब्बीत, जिथं दाण्यासाठी पेरतो, तिथं हा साठा काढून घ्यायची घाई मी करणार नाही. चाऱ्यासाठी मधला मार्गही आहे: कोवळेपणी धुरिन राहू द्यायचं आणि कापणीच्या वयात पडेल असे वाण निवडायचे.

निसर्गाकडे_चला
पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

बांधावरचा
मंडळी, टारफुला, व्हिस्की, बिबड्या सगळं झालं. माझा फुटवा अजून रानातच आहे. आता तो वीतभर झालाय. घरच्या घरी तपासायची काही पट्टी असते का?

कोपनहेगनची_थंडी
पिक्रेटची पट्टी असते. चेचलेलं पान बंद नळीत ठेवून वर पिवळी पट्टी टांगायची, सायनाइड निघालं तर ती विटकरी लाल होते. पण ज्या पिक्रिक आम्लापासून ती करतात ते कोरडं झालं तर स्फोटक. घरी करू नका, कृषी किंवा पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत नमुना द्या. नमुना लगेच बंद पिशवीत आणि थंड, नाहीतर वाटेतच गॅस उडून जाईल आणि निकाल खोटाच चांगला येईल.

गुरांचा_डॉक्टर
तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता सरळ देतो.

वीतभर फुटव्यात जनावर सोडू नका, कापूनही घालू नका. ताणानंतरच्या पावसावर आलेला हाच फुटवा सगळ्यात घातक. निम्मं पीक फुलोऱ्यात येईपर्यंत थांबा. तोवर युरिया नाही. कापल्यावर लगेच न घालता सुकू द्या, कुट्टी करा. पहिले काही दिवस आधी कडबा किंवा गव्हाचं भूस खाऊ घाला, मग हे थोडं थोडं मिसळून. सकाळी उपाशीपोटी तर अजिबात नाही. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी एकाच जनावराला थोडं देऊन, त्याच्याजवळ बसून बघा, सगळी दावण एकदम नको.

बांधावर बरू असेल तर तोही ज्वारीचाच भाऊबंद, त्यातही धुरिन असतं. लोक ज्वारी राखतात आणि बांधावर चरायला सोडतात.

बांधावरचा
बरू आहे. भरपूर आहे. उद्याच कुदळ घेऊन जातो. फुलोऱ्याला अजून बराच वेळ लागेल असं दिसतंय, तोवर मधल्या वैरणीला बाजरी टाकली तर?

दूधवाला_भाऊ
टाका की. आमच्याकडं उन्हाळ्यात बाजरीच असते.

गुरांचा_डॉक्टर
बाजरीत धुरिन नाही, त्या बाजूनं बिनघोर. नायट्रेट मात्र तिच्यातही साठतं, विशेषतः खालच्या धाटात. ताण पडला तर बुडापासून न कापता थोडं वर ठेवून कापा.

पुणेरी_पगडी
म्हणजे आता मी बाजरीच्या भाकरीवर येऊ का?

मालदांडी_३५
पगडीराव, तुम्ही मंगळवेढ्याची ज्वारी खा हो गप.